पाव्हण्यांचा पूल

आमच्या घरी नवीन कुणी आलं आणि हॉलमधल्या टेबलाकडे बघून थबकलं, की बायको पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता सांगून टाकते, "ह्यांचं आहे ते." मुलीचं असेल असं समजायलाही ती कुणाला वाव ठेवत नाही. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर असते, आणि टेबलावर डोंगर उगवायला लागले ते ती गेल्यानंतर. त्यामुळे पंचेचाळिशीच्या, टक्कल पडत चाललेल्या, रांजणगावच्या कारखान्यात क्वालिटीला असलेल्या माणसाने प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत बसवून टेकड्या, पूल आणि पडके बुरूज का करत बसावं, याचं उत्तर मला स्वतःच द्यावं लागतं. ते मला अजून नीट देता आलेलं नाही.

निदान सुरुवात कशी झाली ते सांगता येईल. शिरूरमध्ये जनावरांचे एक डॉक्टर आहेत. त्यांना टेबलावरच्या लढायांचा नाद आहे. अंगठ्याएवढे सैनिक, दोन बाजूंना दोन सैन्यं, टेपने मोजून माणसं पुढे सरकवायची, फासे टाकायचे आणि समोरच्याची माणसं मारायची, असा तो खेळ. आमच्या कंपनीत मेंटेनन्सला असलेला माझा एक मित्र त्यांच्याकडे रविवारी जायचा. एकदा तो मलाही घेऊन गेला. मी पहिली लढाई हरलो. मग पुढचीही. हरणाऱ्यालाही थोडी लाज राखून, जरा वेळ लावून हरता आलं पाहिजे, तेही मला जमेना. माझं सैन्य इतक्या लवकर संपायचं की उरलेल्या दुपारचं काय करायचं हा त्या दोघांपुढे प्रश्न पडायचा.

टेबलावर डोंगर म्हणून डॉक्टरांची पुस्तकं ठेवलेली असायची. गायीम्हशींच्या रोगांवरचं एक जाडजूड पुस्तक आडवं टाकलं की झाली टेकडी. एका रविवारी माझं अख्खं पायदळ त्या पुस्तकाच्या आडोशाला मेलं, आणि मी वाद घातला, की टेकडीला असा सरळ कडा नसतो, उतार असता तर माझी माणसं वाचली असती. मित्र म्हणाला, "मग उतार घेऊन ये." मी मनावर घेतलं. माळ्यावरून मुलीचे जुने ठोकळे काढले आणि पुढच्या रविवारी पायऱ्यापायऱ्यांची, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला पायवाट असलेली टेकडी घेऊन गेलो.

दोघं ती टेकडी फिरवून फिरवून बघत राहिले. मग डॉक्टर म्हणाले, "तुम्ही हेच करा. लढाई राहू द्या."

त्यातलं पहिलं वाक्य मी कानात साठवून घेतलं. दुसरं मला बरेच महिने ऐकूच आलं नाही.

त्यानंतर मी जे सुटलो ते सुटलोच. मुलीचे ठोकळे कमी पडायला लागले तसे पुण्यातून जुने ठोकळे पोत्याने आणायला लागलो. कुणाकुणाच्या घरातले, कुणाकुणाच्या पोरांनी चावलेले. ते बादलीत साबणाच्या पाण्यात घालायचे, खंगाळायचे आणि गच्चीवर जुन्या चादरीवर वाळत टाकायचे. शेजारणीने बायकोला विचारलं, "सांडगे घातलेत का?" बायको म्हणाली, "हो, ह्यांनी घातलेत." वाळले की रंगांप्रमाणे वेगळे करायचे. राखाडी खडकाला, तपकिरी मातीला, हिरवे झाडाला. गुलाबी ठोकळ्यांचं काय करायचं ते मात्र आजवर कळलेलं नाही, आणि पोत्यात निघतात ते नेमके गुलाबीच.

या ठोकळ्यांच्या डोक्यावर गोल उंचवटे असतात. मी त्यांना बोंडं म्हणतो. त्या बोंडांवर सैनिक उभा राहत नाही, कलंडतो. म्हणून जिथे जिथे माणूस उभा राहणार तिथे वरून गुळगुळीत चकत्या बसवाव्या लागतात. चकत्या जास्त झाल्या की डोंगर बाथरूमच्या फरशीसारखा दिसतो. कमी झाल्या की सैन्य दरीत पडतं. डिंक लावायचा नाही, हा माझा नियम. डिंक लावला तर ठोकळा कायमचा खडक झाला, मग त्यात काय राम? हे मी मित्राला इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं, की त्याने कंपनीच्या कँटीनमध्ये सगळ्यांना माझा आवाज काढून ते ऐकवलं. कंपनीत मी दिवसभर लोकांच्या मालात खोट काढतो आणि लाल स्टिकर लावतो. घरी आलो की व्हर्नियर घेऊन स्वतःच्या टेकडीची उंची मोजतो. घरात स्टिकर लावणारं कुणी नव्हतं म्हणून बरं.

टेकड्या झाल्या, वाडीवस्ती झाली, एक मोडकं गुऱ्हाळ झालं. मग माझ्या डोक्यात पूल आला. साधा नाही, दौंडचा. भीमेवरचा रेल्वेचा पूल.

दौंड म्हणजे माझी सासुरवाडी. सासरे रेल्वेत पार्सल ऑफिसला होते आणि रिटायर होऊन दौंडलाच राहत होते. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून ते घरात एकटेच. मुळात बोलणं कमी, त्यात ऐकून घेणारं माणूस गेल्यावर ते जवळजवळ बंदच झालं. बायको रोज संध्याकाळी फोन करायची. "जेवलात का आप्पा?" "व्हय." "काय केलं होतं?" "भाकर." "बरं आहे ना?" "हाय." एवढ्यात फोन संपायचा. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. शिरूरला या, ऑपरेशन करू, म्हणून ती मागे लागली होती, आणि ते येत नव्हते.

तर त्यांना समजावायला म्हणून मी एका सुट्टीच्या दिवशी दौंडला गेलो. बायकोला वाटलं, काय गुणाचा नवरा. माझ्या पिशवीत टेप आणि वही होती.

चहा झाल्यावर मी विषय काढला. "मामा, आपल्या पुलाला गाळे किती हो?"

"कुठल्या पुलाला?"

"रेल्वेच्या. नदीवरच्या."

त्यांनी जरा विचार केला. "न्हाई मोजलं कवा."

"तुम्ही इतकी वर्षं रेल्वेत होता ना?"

"म्या पार्सलला हुतो. पूल हाय, गाडी जाती. आपून कशाला मोजायचं?"

मग आम्ही दोघं चालत नदीकडे गेलो. मी मोबाइलमध्ये फोटो काढले, वहीत खांबांची चित्रं काढली, एक डोळा मिटून अंगठ्याने उंचीचा अंदाज घेतला. ते काठी टेकून मागे उभे राहिले. नदीवर धुणं घेऊन आलेली एक बाई मान वर करून बघायला लागली, तसे ते तिला न विचारताच म्हणाले, "जावई हायत. कंपनीत हायत." म्हणजे काळजीचं काही नाही, असं त्यांना म्हणायचं असावं.

परत येताना त्यांनी विचारलं, "कंपनी पूल बांधतीय का?"

"नाही मामा. मी बांधतोय. एवढा. ठोकळ्यांचा."

"कशाला?"

"खेळायला."

यवतकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. घराच्या दारात आल्यावर ते म्हणाले, "बरं."

त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून बायकोला फोन केला. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच. बायकोने आनंदाने उचलला. मला पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "पाव्हण्यांची नोकरी हाय ना अजून?" बायको म्हणाली, आहे. "मंग डोक्याला काय तरास?" बायकोने माझ्याकडे बघत सांगितलं, "मी बघते आहे आप्पा." आणि पुढच्याच आठवड्यात ते शिरूरला यायला तयार झाले. ऑपरेशन हे निमित्त होतं, पोरीचा संसार एकदा डोळ्यांनी बघावा असं त्यांना वाटलं असावं, असा माझा संशय आहे. तेव्हा माझ्या वेडामुळे त्यांना डोळा मिळाला, असं मी बायकोला म्हणून बघितलं. तिने ते मान्य केलेलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून ते आमच्या हॉलमध्ये बसले. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. सकाळी बायको शाळेत जायची, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझी त्या दिवसांत सेकंड शिफ्ट होती. म्हणजे सकाळभर घरात आम्ही दोघं, आणि मधे पूल.

पूल टेबलावर मावत नव्हता. त्याने जेवणाचं टेबल घेतलं, मग आम्ही खाली बसून जेवायला लागलो. त्यात सासऱ्यांना वाकायला बंदी, म्हणून ते एकटे खुर्चीवर ताट मांडीवर घेऊन बसायचे आणि आम्ही त्यांच्या पायाशी. खांब नीट झाले होते. पण मधल्या दोन खांबांवरचा गाळा काही केल्या सरळ राहीना. वरून ठोकळे जोडत गेलो की पोटात झोळ यायचा, हात लावला की कडकड करत सगळं खाली. पहिल्यांदा कोसळला तेव्हा मामा दचकून म्हणाले, "काय झालं?"

"काही नाही मामा. पूल पडला."

दुसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, "वरनं गाडी जायच्या आधी पडला ते बरं झालं."

ठोकळे घरभर उडायचे. एक दिवस ते मोरीकडे निघाले आणि एकदम एका पायावर उभे राहिले. टाचेत चौकोनी ठोकळा घुसला होता. त्यांनी तो काढून चष्म्याजवळ धरला, बोटांनी चाचपला आणि माझ्या हातात ठेवला. "लई टणक हाय. पुलात का टिकंना मंग?"

शेवटी लांब पट्ट्या एकमेकांवर विटांच्या सांध्यासारख्या सरकवून बसवल्या, तेव्हा गाळा उभा राहिला. तो मी मुद्दाम सुटा ठेवला. वरून अलगद उचलला की निघतो, ठेवला की खट्‌ बसतो. नेता-आणताना सोय व्हावी म्हणून. या युक्तीचा मला इतका गर्व झाला, की घरी येईल त्याला मी ते करून दाखवत असे. गॅसवाल्यालाही दाखवलं. पुलाची रुंदी मी मापाला धरून ठेवली होती, एकेरी रूळ, म्हणून एका वेळी एकच सैनिक जाईल एवढी. मित्र म्हणाला होता, जरा रुंद कर, खेळायला अडचण होईल. मी त्याला म्हणालो, "मापात तडजोड नाही."

पूल पुरा झाल्यावरच्या रविवारी डॉक्टरांच्या खोलीत रंगकाम चालू होतं, म्हणून लढाई आमच्याकडे ठरली. मित्र सैन्याचे डबे घेऊन आला. टेबलावर निळं कापड पसरून भीमा केली, अलीकडे माझं सैन्य, पलीकडे डॉक्टरांचं, मधे पूल. ज्याची माणसं शेवटी समोरच्याच्या काठावर जास्त, तो जिंकला. आणि डॉक्टरांचा फोन आला. कुठल्याशा वाडीवर गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं. त्यांना उशीर होणार होता.

मित्र म्हणाला, "तोवर मामांना बसवू की. फक्त माणसं हलवायची आहेत."

मामा काळ्या चष्म्यातून त्याच्याकडे बघत म्हणाले, "मला यातलं काय कळतं?"

"ह्यांना तरी कुठे कळतं?" मित्र माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

ते खुर्ची सरकवून टेबलाशी आले. मित्र पंच झाला आणि त्याने नियम सांगितले. मामांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, "तोफ किती लांब जाती?" मित्राने टेपने दाखवलं. दुसरा, "पूल वलांडायलाच पायजे का?"

"जिंकायचं तर ओलांडावा लागेल."

"आन् न्हाई वलांडला तर?"

"तर... काही नाही. बसून राहायचं."

"बरं," असं म्हणून ते बसून राहिले. मी माझी पाळी खेळलो, घोडदळ पुढे काढलं. त्यांची पाळी आली, त्यांनी तोफा हाताने जरा पुढे सरकवल्या आणि म्हणाले, "झालं." माझी पाळी. पायदळ पुढे. त्यांची पाळी. "झालं." मला त्यांची दया आली. सासरे आहेत, नुकतं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, समजत नाहीये बिचाऱ्यांना. लवकर संपवावं म्हणून मी अख्खं सैन्य पुलावर घातलं. एकामागे एक, शाळेच्या रांगेसारखं. पूल भरून गेला. इतका देखणा दिसत होता, की मी उठून फोटो काढला.

तेव्हा मामांच्या तोफा पुलाच्या तोंडाशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी फासे टाकले. माझा पहिला माणूस गेला. परत टाकले, दुसरा गेला. पूल एकेरी असल्यामुळे मागच्यांना पुढे जाता येईना, आणि मागचे मागे सरायला तयार नव्हते, कारण त्यांच्याही मागे माझीच माणसं होती. मित्राने फक्त "मापात" एवढा शब्द तोंडातल्या तोंडात उच्चारला.

मग मामा टेबलावर पुढे झुकायला लागले. मी म्हणालो, "मामा, वाकू नका." ते सरळ झाले आणि काठीने मधला गाळा दाखवत म्हणाले, "पाव्हणं, ह्यो तुकडा निघतो ना? तुम्ही त्या गॅसवाल्याला दावत हुता."

कुणी माझ्या कामाबद्दल विचारलं की मला राहवत नाही. "निघतो ना मामा! बघा तुम्ही, काय सोपं आहे ते."

"मंग काढा."

माझा हात हवेतच राहिला. मित्राने घाईघाईने मोबाइलवर नियम उघडले, वाचले, परत वाचले. मग अत्यंत समाधानाने म्हणाला, "पुलाच्या तोंडाशी माणूस असेल तर सुरुंग लावता येतो. फासा चांगला पडला पाहिजे." मामांनी फासा टाकला. तो चांगला पडला. मी माझ्या हाताने, व्हर्नियरने मोजून केलेला गाळा, वरच्या सगळ्या सैन्यासकट उचलला आणि सैन्य निळ्या कापडावर ओतलं.

आणि मामा हसले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. चांगला मोठा, खोकल्यासारखा सुरू झालेला आणि मग थांबेचना. चष्मा काढायला हात वर केला, मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात लावू नका सांगितलंय ते आठवून तसाच खाली घेतला, आणि परत हसायला लागले. "सगळीच गेली की वो," म्हणाले, "सगळीच!"

बायको स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी दाराशी आली. तिने टेबलाकडे बघितलंही नाही. बापाकडे बघत उभी राहिली. तिला काही विचारावं असं मला वाटलं, पण ती तशीच आत गेली, आणि बराच वेळ आतून पोळपाटाचा आवाज आला नाही. मला तेव्हा नदीत पडलेल्या सैन्याचं एवढं वाईट वाटत होतं, की आत काय चाललंय ते जरा उशिरा लक्षात आलं. मी आत गेलो तेव्हा ती पदराने डोळे पुसून परत पोळी लाटायला बसली होती. म्हणाली, "हरलात ना? बरं झालं."

डॉक्टर आले ते बुटांना शेण लागलेलं, गाय आणि वासरू दोन्ही वाचल्याच्या आनंदात. टेबल बघून म्हणाले, "माझ्या सैन्याने हे केलं? मी नसताना?" मग सगळे मिळून जेवलो. जेवताना मी मामांना विचारलं, की तुम्ही पूल ओलांडायला का नाही आलात?

"मला पलीकडं काय काम हुतं?" ते म्हणाले.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी स्वतः हजर असूनही आपल्या जागी मामांनाच बसवलं आणि आपण बघत बसले. मी परत हरलो. त्याच्या पुढच्या रविवारी मी विचारलं, आज मी कुणाविरुद्ध? मित्र म्हणाला, "तू आज पूल सांभाळ." तेव्हा कुठे डॉक्टरांचं ते जुनं दुसरं वाक्य मला ऐकू आलं.

डोळ्याची शेवटची तपासणी झाली आणि मामा दौंडला गेले. जाताना डॉक्टरांनी आपली एक जुनी सैन्याची जोडी त्यांना दिली. बायकोला वाटलं, आता परत "हाय" आणि "भाकर" सुरू होणार. पहिल्याच संध्याकाळी फोन लागला. "जेवलात का आप्पा?" "व्हय. पाव्हण्यांना दे." मी फोन घेतला. "पाव्हणं, एक स्टेशन पायजे."

त्यांच्या वस्तीतल्या विहाराच्या बाजूला एक खोली आहे, तिथे दुपारी रेल्वेतले रिटायर लोक पेपर वाचायला बसतात. मामांनी तिथे सैन्य नेलं होतं. तीन माणसं तयार झाली होती. पण डोंगर, बुरूज यात त्यांना रस नव्हता. लढायचंच तर स्टेशनसाठी लढायचं, असं ठरलं होतं.

मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी ऑर्डर दिली होती. मी सुट्टी टाकली. प्लॅटफॉर्म केले, वर छपरं, रूळ ओलांडायचा दादरा, तिकिटाची खिडकी, बाकडी. छप्पर उचललं की आत माणसं ठेवता येतील अशी सोय केली. दादऱ्याच्या पायऱ्यांवर सैनिक उभा राहावा म्हणून प्रत्येक पायरीला चकती बसवली. गुलाबी ठोकळे पायाच्या आत दडपले, तिथे कुणाला दिसत नाहीत.

नेलं मोटारसायकलवर. मी पुढे, बायको मागे, तिच्या मांडीवर खोकं. न्हावऱ्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी आली, मी ब्रेक मारला आणि खोक्यातून खळ्ळकन आवाज झाला. "दादरा," मी म्हणालो. बायको म्हणाली, "पुढे बघा." चौफुल्याला चहाच्या हॉटेलात थांबून बाकड्यावर सगळं मांडलं आणि जोडायला बसलो. हॉटेलवाला येऊन उभा राहिला.

"विकायला काढलंय का?"

"नाही."

"पोरासाठी?"

बायको म्हणाली, "माझ्या वडिलांसाठी."

त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि साखर जास्त घालून चहा दिला.

दौंडला खोलीत सगळे वाट बघत होते. जय भीम झाला, पाणी झालं. मी खोक्यातून स्टेशन काढलं, टेबलावर ठेवलं, छप्पर उचलून दाखवलं. चौघं त्याच्याभोवती फिरले. पहिल्याने विचारलं, "पाण्याचा नळ कुठाय?" दुसरा म्हणाला, नळ दादऱ्याखाली होता. तिसरा म्हणाला, दादऱ्याखाली कवाच नव्हता, तिकडल्या अंगाला होता. पहिला म्हणाला, तो त्या नळाचं पाणी आयुष्यभर प्यालाय, त्याला सांगू नका. मामा म्हणाले, ते पार्सलला होते, पार्सल ऑफिस दाखवलंच नाही पाव्हण्यांनी, तर नळाचं काय घेऊन बसलात? वाद इतका वाढला की बाहेरून एक बाई डोकावून गेली. शेवटी सगळ्यात वयस्कर आजोबांनी चष्मा नाकावर आणून निकाल दिला, "हे दौंड न्हाईच. कुर्डुवाडी हाय."

"कुर्डुवाडी बी न्हाई," दुसरा म्हणाला.

मी कोपऱ्यात उभा होतो. रोज माझ्यासमोर आपला माल घेऊन उभे राहणारे सप्लायर कसे दिसत असतील, ते मला तेव्हा कळलं. त्यांच्याशी बोलताना मी हल्ली जरा आवाज खाली ठेवतो.

"पण चालंल," मामा म्हणाले. "मांडा."

मांडामांड सुरू झाली. त्यांनी नियम बदलून टाकले होते. तोफ किती लांब जाते ते टेपने नाही, वितीने मोजत होते, आणि प्रत्येकाची वीत वेगळी असल्यामुळे दर पाळीला भांडण होत होतं. मला वाटलं, चौघांत कुणीतरी मला एखादी बाजू देईल. मी खुर्ची सरकवली. मामा म्हणाले, "तुम्ही बसा पाव्हणं, दमला आसाल. लांबून आलाय." त्यात प्रेमही होतं, आणि मला खेळायला घ्यायचं नाही हेही होतं. मी भिंतीशी बसून दादऱ्याच्या पडलेल्या पायऱ्या लावत राहिलो. बायको बापाच्या खुर्चीमागे उभी राहून कुणाचं सैन्य कुठलं ते समजून घेत होती, आणि थोड्या वेळाने तिने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, तसा त्यांनी एक सैनिक तिकिटाच्या खिडकीमागे लपवला.

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. मामा गाडीपर्यंत सोडायला आले. डोळा आता स्वच्छ झाला होता. म्हणाले, "तुमची मामी असती तर म्हणाली असती, म्हाताऱ्याला चळ लागलाय."

बायको म्हणाली, "म्हणाली असतीच."

"म्हणून च्या दिला असता सगळ्यांना." नदीच्या बाजूने गार वारा सुटला होता. मी हेल्मेट घातलं, बायको मागे बसली, रिकामं खोकं तिने पुढे धरलं. एरवी आमची गाडी वळणाआड जाईपर्यंत ते रस्त्यावर उभे राहतात, वारा असो, ऊन असो. ते आणखी काही बोलणार होते, तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, "अहो पार्सलवाले, पाळी तुमची हाय! आन् तुमचा माणूस हलवलाय ह्यांनी!"

"कुणी हलवला?" मामा गर्रकन वळले आणि काठी हातात उचलूनच आत गेले. आम्ही थोडा वेळ तसेच गाडीवर बसून राहिलो. आतून चढलेले आवाज येत होते, सगळ्यांत मोठा त्यांचा.

"चला," बायको म्हणाली. "येत नाहीत ते आता बाहेर."